सुई टेकली की सांगा

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘स्पर्श’. सोबत एक सूचनाही होती : आईचा हात, पाठीवरची थाप वगैरे नको, कुठेतरी जाऊन काहीतरी बघून या. मला पहूरचा एक मुलगा आठवला. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा सध्या काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, “काही नाही, एका चौकोनाला सुई लावतो. फक्त तो चौकोन उणे दोनशे साठ अंशांवर असतो.” त्याचं नाव इथे येणार नाही. “गाइडना आवडायचं नाही,” एवढंच कारण त्यानं दिलं आणि मला ते पुरलं.

पहूरच्या फाट्यावर

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की अजिंठ्याच्या अलीकडे पहूर लागतं. पेठ आणि कसबे असे गावाचे दोन भाग, दोन ग्रामपंचायती. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी पूर्वी इथूनच जायची. अजिंठ्याला निघालेले प्रवासी इथे चहापुरते उतरतात, बाकी गाव कापसाचं. मे महिन्यात जळगाव जिल्ह्याचा पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

अशा गावात कडाक्याची थंडी रोज मोटारसायकलवरून फिरते. कृत्रिम रेतन करणाऱ्या माणसाच्या गाडीला जाड मानेचा अॅल्युमिनियमचा डबा बांधलेला असतो, त्यात द्रवरूप नायट्रोजन. तापमान उणे १९६ अंश. त्यात बुडवलेल्या पाव मिलिलिटरच्या रेतकांड्या वर्षानुवर्षं टिकतात. गाय माजावर आली की निरोप जातो, आप्पा येतात, बूच काढतात, पांढरा धूर खाली सांडतो, चिमट्यानं कांडी उचलून ती सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतात. गोठ्यातल्या पोरांना त्या धुराचं कोण कौतुक. आप्पांचं लक्ष मात्र डब्यात किती इंच नायट्रोजन उरलाय याकडे. लाकडी पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची आणि जिथपर्यंत दंव धरलं तिथपर्यंत माल आहे असं समजायचं. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये ‘बायफ’ उभी केली. गोठवलेलं रेत गावोगावच्या गोठ्यापर्यंत नेण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. त्यामुळे शीतविज्ञान म्हणजे परदेशी प्रयोगशाळेतली चैन, असं निदान खानदेशातल्या गोपालकाला कुणी सांगू नये.

आमच्या मुलाची थंडीशी पहिली ओळख याच डब्यानं झाली. एम.एस्सी.ला असताना विभागात मोठं यंत्र नव्हतं. स्टीलची एक लांब नळी, तिच्या टोकाला तांब्याचा तुकडा, त्यावर नमुना, चार बारीक तारा चांदीच्या लेपानं चिकटवलेल्या. नळी हळूहळू डब्यात सोडायची. द्रवाच्या जितकी जवळ तितकी थंड. वेगळा तापमान-नियंत्रक लागत नाही, हात स्थिर लागतो. अशा देशी नळीवर कितीतरी प्रबंध झाले आहेत आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. अडचण एवढीच की प्रत्येक नमुन्याला तारा नव्यानं चिकटवायच्या, लेप वाळायची वाट बघायची आणि गार झाल्यावर एखादी तार सुटली की सगळं पुन्हा. एका चिपवर शंभर बारीक रचना असतील तर तारा तरी किती चिकटवणार? तिथे प्रोब स्टेशन लागतं. तारा चिकटवायच्याच नाहीत. नमुना गार करायचा आणि हव्या त्या रचनेवर बाहेरून सुई आणून टेकवायची.

थंडी बनते कशी, टिकते कशी

मी ते बघितलं मुंबईतल्या एका संस्थेत, तळमजल्यावर. अशी यंत्रं सहसा खालीच ठेवतात. वर गेलं की इमारत हलते, आपल्याला न जाणवणारं ते हलणं सुईला जाणवतं.

थंडीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, द्रव हेलियम ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास. हेलियम पहिल्यांदा द्रव केला तो हॉलंडमधल्या लायडन शहरात कामरलिंग ओनेस यांनी, १० जुलै १९०८ रोजी. तीन वर्षांनी, १९११मध्ये, त्यांच्याच प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनजवळ एकाएकी नाहीसा झाला. अतिवाहकता सापडली ती अशी, विजेचं मोजमाप करताना. ओनेस यांनी काचकाम आणि धातुकाम शिकवणारी कारागिरांची शाळाच काढली होती, ही गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. मला ती नोबेलइतकीच मोलाची वाटते.

नायट्रोजन हवेतून निघतो आणि स्वस्त पडतो. हेलियमचं तसं नाही. भारत तो जवळपास सगळा आयात करतो, त्यामुळे मोठ्या संस्थांत उकळून गेलेला हेलियम पाइपातून परत गोळा करतात आणि पुन्हा द्रव करतात. शिवाय तो फार नाजूक. एक वॅट उष्णता आत शिरली तर तासाला जवळजवळ १.४ लिटर द्रव हेलियम वाफ होऊन जातो. एक वॅट म्हणजे छोट्या टॉर्चचा दिवा.

मी पाहिलेल्या स्टेशनात मात्र द्रव ओतायचाच नव्हता. बंद चक्राचं यंत्र होतं. शेजारच्या खोलीतला कंप्रेसर हेलियम वायू दाबतो, थंड डोक्यात तो फुलतो, पुन्हा कंप्रेसरकडे जातो. सेकंदाला एखाद-दोन ठोक्यांनी सतत ‘चुक-चुक’ चालू. बटण दाबलं की काही तासांत ४ केल्विनच्या आसपास. ऐकायला सोपं, पण कंप्रेसर स्वतः कित्येक किलोवॅट वीज खातो आणि त्याला अखंड थंड पाणी लागतं. मुलगा हसून म्हणाला, “आमच्याकडे मे महिन्यात हे चालवायचं म्हणजे आधी चिलरलाच ऊन लागेल.” विनोद होता, पण लहान शहरांतल्या विभागांत यंत्रं बंद पडतात ती बहुधा याच गोष्टींपायी : पाणी, वीज, एसी. बिघाड क्वचितच भौतिकशास्त्राचा असतो.

पेटीच्या आत

बाहेरून बघाल तर जाड स्टीलची बुटकी, गोल पेटी. वर काचेची खिडकी, खिडकीवर सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा. पेटीच्या बाजूंनी खेकड्याच्या पायांसारखे चार हात बाहेर आलेले, प्रत्येकाला तीन मायक्रोमीटर स्क्रू : एक पुढे-मागे, एक डावं-उजवं, एक वर-खाली. स्क्रू बाहेर हवेत, सुई आत निर्वातात. मध्ये धातूचा लवचीक भाता, त्यामुळे हात हलला तरी हवा आत शिरत नाही.

आत मधोमध तांब्याचा चौथरा, त्यावर बोटाच्या नखाएवढी चिप. चौथऱ्याभोवती धातूचं कवच, तेही थंड. खोलीच्या भिंती आपल्याला गार वाटल्या तरी ४ केल्विनच्या चिपला त्या भट्टीच असतात, सतत उष्णता फेकत असतात. ही फेक तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. म्हणून मध्ये ७७ केल्विनचं कवच घातलं की ३०० केल्विनच्या भिंतीकडून येणारा मारा दोनशे पटींहून जास्त कमी होतो. खिडकीतून येईल तेवढा येतो, म्हणून कवचालाही छोटी खिडकी असते आणि तिची काच उष्णता अडवणारी असते.

सुया बहुधा टंगस्टनच्या, नाहीतर बेरिलियम मिसळलेल्या तांब्याच्या. टोक काही मायक्रॉनचं. प्रत्येक सुईच्या हाताला आतून तांब्याची वेणी बांधलेली असते आणि वेणीचं दुसरं टोक थंड कवचाला किंवा चौथऱ्याला. ही वेणी नसेल तर काय होईल ते उघड आहे : सुई खोलीची उष्णता घेऊन थेट नमुन्यावर ओतेल आणि तुम्ही ज्या ठिकाणी मोजताय नेमकं तेच ठिकाण गरम कराल. स्पर्शानं आपण काय बघतोय तेच बदलतं, ही तक्रार तत्त्वज्ञ करतात. इथे तिच्यावर तांब्याची वेणी हा उपाय आहे.

यंत्र सांभाळणाऱ्या मॅडम कडक होत्या. हातमोजे, केस बांधलेले, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा. माझ्या पायातल्या चपला बघून मला बुटांचा जोड दिला. नायट्रोजन पायावर सांडला तर बंद बुटातही अडकू नये म्हणून पँट बुटाच्या बाहेर, हेही त्यांनी सांगितलं. भिंतीवर ऑक्सिजन मोजणारं यंत्र लुकलुकत होतं. द्रव नायट्रोजनचा एक लिटर सांडला तर सुमारे सातशे लिटर वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, बंद खोलीत तो प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. पहूरच्या आप्पांनाही हे ठाऊक आहे : डबा बंद खोलीत ठेवायचा नाही आणि बूच घट्ट ठोकायचं नाही, नाहीतर डबा फुटेल.

टेकली का?

आधी नमुना चौथऱ्यावर बसवायचा. बसवायचा म्हणजे ठेवायचा नाही. निर्वातात हवा नसल्यामुळे नुसती ठेवलेली चिप थंड होतच नाही, तिच्याखाली ग्रीसचा किंवा चांदीच्या लेपाचा अगदी पातळ थर लागतो. मग झाकण लावून पंप. पेटीतला दाब बाहेरच्या दाबाच्या दहा कोटीव्या भागाइतका उतरेपर्यंत थांबायचं. घाई केली तर आत राहिलेली पाण्याची वाफ सगळ्यात थंड जागा शोधते आणि तिथे बर्फ होऊन बसते. ती जागा तुमचा नमुना असेल तर संपलंच. म्हणून जाणकार चौथऱ्याला थोडी उष्णता देऊन कवच आधी थंड होऊ देतात, म्हणजे उरलेली वाफ कवचावर जाऊन बसते. नमुना सगळ्यात शेवटी गार करायचा.

थंड होताना सुया वर उचललेल्या हव्यात. नवशिक्याचं इथेच चुकतं. खोलीच्या तापमानाला सुई नेमकी टेकवायची आणि मग थंड करायला घ्यायचं. पण लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतो आणि पाणी मारल्यावर ती आकसून चाक आवळते, तसे इथे सगळे हात आकसतात. तांबं खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत सुमारे ०.३ टक्के आखडतं. दहा सेंटिमीटरच्या हाताला ते तीनशे मायक्रॉन झाले. ज्या सोन्याच्या चौकोनावर सुई टेकवायची तो शंभर मायक्रॉनचा. म्हणजे टेकलेली सुई सरकत, ओरखडत चौकोन ओलांडून शेजारच्या रचनेत जाणार. मुलाच्या पहिल्या चिपवर तसा ओरखडा आहे. ती चिप त्यानं जपून ठेवलीय.

तापमान स्थिर झालं. पडद्यावर चिप दिसू लागली : करड्या पार्श्वभूमीवर पिवळे चौकोन, कडेनं काळी सावली सरकतेय, ती सुई. मुलगा स्क्रूवर, मॅडम मीटरवर.

“एक नंबर आणू का?”

“आण. आधी वरच ठेव. सावली बघ.”

सावली ही युक्ती आहे. सूक्ष्मदर्शकातून वरून बघताना सुई किती उंचावर आहे ते कळत नाही. पण दिवा तिरका पडत असेल तर सुई आणि तिची सावली खाली येताना एकमेकींकडे सरकतात. जिथे भेटतात तिथे पृष्ठभाग. त्यानं वर-खालीचा स्क्रू इतक्या हळू फिरवला की मला हात स्थिरच वाटला. टोक सावलीला भेटलं आणि मग किंचित पुढे घसरलं. ही घसरण हवी असते. सुई टेकल्यावर जराशी पुढे सरकली म्हणजे टोकानं वरचा पातळ थर खरवडून धातू गाठला. फार सरकली तर सोनं उकरलं जातं.

“टेकली का?”

“टेकलीय वाटतं.”

“वाटून काय होतं? दुसरी आण, मग मी बघते.”

दोन सुया टेकल्यावर मॅडमनी अगदी थोडा विद्युतदाब दिला, उलटसुलट. पडद्यावर रेघ आली, सरळ, शून्यातून जाणारी. रेघ वाकडी असती किंवा थरथरली असती तर सुई उचलून पुन्हा. जोर वाढवून बघायचा मोह होतो, तो टाळायचा. मग मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. पडदा काळा. अर्धवाहकावर उजेड पडला की तो जास्त वीज वाहू देतो, शिवाय दिवा गरमी आणतो. सुई टेकवायला उजेड लागतो आणि मोजायला अंधार.

आकडा कुणाचा?

मुलाचा नमुना म्हणजे लॅन्थॅनम, कॅल्शियम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचा पातळ थर. या कुळातल्या पदार्थांवर आणि लेसरच्या झोतानं असे थर बसवण्यावर पुणे विद्यापीठात आणि पुढे मेरिलँडमध्ये सतीशचंद्र ओगले यांनी बरंच काम केलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानं दुसरी वाट धरली, रसायनांच्या द्रावणातून कमी खर्चात थर बनवण्याची. थर बनवणं आपल्याकडे ठिकठिकाणी जमतं. मोजणं महाग पडतं. म्हणून कितीतरी चांगले थर खोलीच्या तापमानाला एकदा मोजून कपाटात जातात, आणि तिथेच त्यांची अर्धी गोष्ट राहते. एका तापमानावरचा रोध हा नुसता आकडा. थंड करत गेल्यावर तो घटतो की वाढतो, किती वेगानं, कुठे वळतो, यावरून आत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतायत की उड्या मारत चाललेत ते कळतं.

मुलाचा आलेख छान उतरत आला. अडीचशे केल्विनच्या आसपास शिखर, मग घसरण. तीस केल्विनच्या खाली मात्र रोध पुन्हा वर चढू लागला. त्याचे डोळे चमकले. असल्या चढावर शोधनिबंध होतात.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “चारही सुया टेकव.”

दोन सुयांनी मोजलं की त्यात सुईचा, तारेचा आणि सुई-सोन्याच्या सांध्याचाही रोध मिसळतो. चार सुयांनी मोजताना बाहेरच्या दोन प्रवाह नेतात, आतल्या दोन फक्त विद्युतदाब बघतात. त्यांच्यातून प्रवाह जवळजवळ जातच नाही, म्हणून सांध्याची लुडबुड उरत नाही. चारांनी मोजल्यावर चढ गायब. जे वर चढत होतं ते सांध्याचं होतं, पदार्थाचं नव्हे. मुलगा काही बोलला नाही, वहीत तारीख घातली.

बाकीचे सापळेही असेच. चौथऱ्यातला तापमापक १० केल्विन दाखवतो, पण चिप त्यावर नीट बसली नसेल तर ती पंधरावर असू शकते. प्रवाह जास्त दिला तर नमुना स्वतःच तापतो : एक किलो-ओहममधून एक मिलिअँपिअर म्हणजे एक मिलिवॅट, इथे ते डोंगराएवढं. तपासायची रीत सोपी. प्रवाह अर्धा करा. रोध बदलला नाही तर ठीक. तारेचं एक टोक गरम, एक गार, म्हणून काही मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात. त्यासाठी प्रवाहाची दिशा उलटवून दोन्ही वेळा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. यातलं काही पुस्तकात नाही असं नाही, पण पुस्तक वाचून कुणी हे करत नाही. शेजारी उभं राहून कुणीतरी “चारही टेकव” म्हणावं लागतं.

हे कुणाला लागतं?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटानं बिस्मथ असलेल्या एका तांब्याच्या ऑक्साइडचे अतिपातळ पापुद्रे एकमेकांवर तिरपे ठेवून अतिवाहक डायोड बनवला. एका दिशेनं रोधाविना प्रवाह नेणारा, उलट दिशेनं नाही. हे काम २०२४मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आलं. हा डायोड ७७ केल्विनपर्यंत चालतो, म्हणजे आप्पांच्या डब्यातल्या तापमानाला. त्याच संस्थेत आर. विजयराघवन यांच्या गटाच्या चिपवर सहा क्यूबिटचा क्वांटम प्रोसेसर उभा राहिला. पुण्याची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा आणि टीसीएस सोबत होत्या, आणि ऑगस्ट २०२४मध्ये त्याची चाचणी जाहीर झाली. केंद्राच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला एप्रिल २०२३मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. क्यूबिट चालतात केल्विनच्या शंभराव्या हिश्श्यात आणि तिथे सुया चालत नाहीत, चिपला तारा जोडूनच आत पाठवावी लागते. पण तारा जोडण्याआधी कुठली चिप जगली, कुठली मेली हे पाहायला सुईच बरी. मोहिमेच्या जाहिरातीत सुया दिसत नाहीत, त्या चालवणारे हात तर नाहीतच.

पाळी

असं ४ केल्विनचं परदेशी स्टेशन साधारण कोटीच्या पुढे जातं. प्रत्येक विभागाला ते मिळणार नाही आणि मिळूही नये, कारण सांभाळणारा माणूस नसेल तर ते दोन वर्षांत धूळ खातं. यंत्राच्या मंजुरीत तंत्रज्ञाचा पगार नसतो, हा आपल्या व्यवस्थेतला मला सर्वांत न पटणारा भाग.

म्हणून सामायिक सोयी मोलाच्या. खानदेशासाठी सोयीची इंदूरची : विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचं संशोधन केंद्र. विद्यापीठांतल्या संशोधकांनी येऊन मोजावं म्हणूनच ते आहे, द्रव हेलियम आणि तीव्र चुंबकक्षेत्र दोन्ही तिथे मिळतं. बऱ्हाणपूर-खंडव्यावरून गाडी इंदुरात शिरते त्या खंडवा रस्त्यावरच ते आहे. मुंबईला आयआयटीतल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सोयीही बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या आहेत. अर्ज करावा लागतो, पाळी लागते, मग बॅग घेऊन जायचं. बॅगेत नमुने, चिमटा, चांदीचा लेप आणि घरचे पापड, हा पहूरच्या मुलाचा हिशेब.

त्याला आता पुढच्या मोजणीसाठी असाच एक अर्ज भरायचा होता. लागणारं किमान तापमान म्हणून त्यानं सवयीनं ४ केल्विन लिहिलं. मग बसून स्वतःचेच आलेख पुन्हा चाळले. खरं शिखर अडीचशेला, त्याच्या खालचा सगळा उतार ऐंशीच्या वरच. त्याखाली जे दिसलं होतं ते सांध्याचं निघालं. त्यानं ४ खोडून ७७ केलं. नायट्रोजनवरची पाळी लवकर लागते, आणि गाइडनीही त्याच आठवड्यात सही केली.